रिकामं पॅकेट दिसलं की लगेच फेकू नका, आधी बघा ते रिकामं का आहे

एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीवर स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहून रेकॉर्डिंग नाहीतर लाइव्ह करणारी पोरं आता कुडाळ-वेंगुर्ल्यापासून वर गुहागर-दापोलीपर्यंत भेटतात, आणि जत्रांचा सीझन लागला की प्रश्न ठरलेला. लाइव्ह मस्त चालू होतं, मध्येच नेट गेलं, दोन सेकंदांत परत आलं, प्रोग्राम काय बंद पडला नाही, लॉगपण पळतोय, पण चित्र जे गोठलं ते गोठलंच. दशावतारातला संकासुर एक पाय वर करून उभा तो उभाच. रीस्टार्ट मारला की सगळं ठीक. मग कोणी म्हणतो कॅमेराच तसला, कोणी म्हणतो रेंज नाही (रेंज नसतेच, सड्यावर चढलात तर दोन काड्या आणि खाली वाडीत देवळापाशी आलात की शून्य, ते काय नवीन नाही), पण नेट परत आल्यावरही चित्र येत नसेल तर दोष नेटचा नाही. बऱ्याच वेळा मधल्या त्या दोन सेकंदांत तुमच्याच कोडने डिकोडरला (कॉम्प्रेस केलेला डेटा उलगडून चित्र-आवाज देणारा भाग) एक रिकामं पॅकेट दिलेलं असतं, पॅकेट म्हणजे त्या डेटाचा एक तुकडा.

हे लिहितोय ते सी नाहीतर पायथनमध्ये कोड लिहिणाऱ्यांसाठी. नुसत्या कमांड चालवत असाल तर खाली एफएफप्रोबचं (फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं टूल) लिहिलंय तेवढं वाचा, बाकी सोडलंत तरी चालेल. फंक्शनची नावं आपण तोंडाने म्हणतो तशीच लिहिलीयत, अंडरस्कोर तुमचे तुम्ही घाला.

रिकामं म्हणजे नक्की कसं रिकामं

एव्हीपॅकेट नावाचं स्ट्रक्चर असतं, त्यात डेटाचा पॉइंटर, साइज, पीटीएस आणि डीटीएस हे दोन टाइमस्टॅम्प (फ्रेम दाखवायची आणि डिकोड करायची वेळ), कुठल्या स्ट्रीमचं पॅकेट तो नंबर, काही फ्लॅग, आणि साइड डेटा (सोबतची जादा माहिती). व्हिडिओच्या पॅकेटात साधारण एक कॉम्प्रेस केलेली फ्रेम, ऑडिओच्या पॅकेटात एकापेक्षा जास्तपण असू शकतात. साइज शून्य दिसली की आपण म्हणतो रिकामं, विषय संपला. पण साइज शून्य असलेल्या पॅकेटाच्या तीन तऱ्हा आहेत आणि डिकोडर तिघांशी वेगळा वागतो.

पहिली तऱ्हा, डेटा नल (पॉइंटर कुठेच दाखवत नाही), साइज शून्य आणि साइड डेटापण नाही. हे पूर्ण कोरं पॅकेट. एव्हीकोडेक सेंड पॅकेटला (डिकोडरला पॅकेट देणारं फंक्शन) हे दिलंत, किंवा पॅकेटच्या जागी सरळ नल दिलात, तर डिकोडर त्याचा अर्थ "या वेळी काही नाही" असा घेत नाही, "स्ट्रीम संपली" असा घेतो. याला फ्लश पॅकेट म्हणतात. एस.टी.चा कंडक्टर शेवटच्या स्टॉपला "चला, उतरा सगळे" म्हणतो ना, तसं. आत बसलेल्या फ्रेम सगळ्या खाली उतरवायच्या आणि नवीन कोणाला चढू द्यायचं नाही.

दुसरी तऱ्हा, डेटा नल, साइज शून्य, पण साइड डेटा आहे. यात चित्र-आवाज काही नाही, फक्त निरोप आहे, उदाहरणार्थ "स्ट्रीमची माहिती बदलली, ही नवीन घे". डिकोडर याला शेवट समजत नाही.

तिसरी, डेटाचा पॉइंटर कुठेतरी दाखवतोय पण साइज शून्य. हे दिलंत की सेंड पॅकेट तिथल्या तिथे इनव्हॅलिड आर्ग्युमेंटचा एरर तोंडावर मारतं, -२२. असलं पॅकेट बहुतेक वेळा आपल्याच कोडने बनवलेलं असतं, म्हणजे बफर घेऊन ठेवला, सॉकेटवरून आले शून्य बाइट, आणि न बघता तसाच पुढे ढकलला. त्यातल्या त्यात हे बरं, निदान बोंब तरी मारतं. पहिल्या तऱ्हेचं गुपचूप काम बिघडवतं.

माझ्या मावसभावाचं यावर एकच उत्तर असतं, "रिकामा पॅकेट फेकून दी मरे, कशाक ठेवतस?" आणि इंटरनेटवरून उचललेल्या अर्ध्या कोडांत पण तीच ओळ असते, साइज शून्य असेल तर कंटिन्यू. डिकोडरच्या आधी, लाइव्हमध्ये, ही ओळ चालून जाते. एन्कोडरच्या (कॉम्प्रेस करणारा भाग) नंतर घातलीत तर फाइल बिघडते. कशी ते पुढे येईल.

गोठलेलं चित्र

एव्ही रीड फ्रेम (पुढचं पॅकेट वाचून आणणारं फंक्शन) शून्य परत देतं तेव्हा पॅकेट मिळालेलं असतं. शून्याखालचा आकडा आला तर मिळालेलं नसतं, आणि तेव्हा तुमच्या हातातलं पॅकेट ते कोरं करून देतं. आता नेहमीचं लूप बघा: रीड फ्रेम करा, ईओएफ (एंड ऑफ फाइल, म्हणजे संपलं) आला तर बाहेर पडा, नाहीतर सेंड पॅकेट करा. फाइल वाचताना हे वर्षभर चालेल, कुठे अडणार नाही. पण ईओएफ सोडून बाकीचे शून्याखालचे आकडे आले की काय? ईअगेन येऊ शकतो (लिनक्सवर -११), म्हणजे "आत्ता काही नाही, जरा वेळाने ये", कॅप्चर कार्ड नॉन-ब्लॉकिंग मोडमध्ये उघडलं असेल तर हा सारखाच येणार. टाइमआउट येऊ शकतो (लिनक्सवर -११०). या दोन्हीला कोड त्या इफमधून खाली घसरतो आणि ते कोरं पॅकेट जातं डिकोडरकडे. डिकोडर म्हणतो झालं, संपलं. आतल्या उरलेल्या फ्रेम बाहेर देतो आणि दार लावून घेतो. नंतर नेट आलं, खरीखुरी पॅकेट यायला लागली, तरी प्रत्येक सेंड पॅकेटला उत्तर एकच, एव्हीएरर ईओएफ, तो लांबलचक -५४१४७८७२५. रीड फ्रेम व्यवस्थित चालू आहे आणि हा आकडा सेंड पॅकेटच्या ओळीत येतोय असं लॉगमध्ये दिसलं की दुसरं काही शोधत बसू नका, हाच रोग.

उपाय सोपा आहे. रीड फ्रेमचं उत्तर शून्याखाली असेल तर त्या पॅकेटला हातच लावायचा नाही, आधी उत्तर कुठलं ते बघायचं. ईअगेन असेल तर दहा मिलिसेकंद थांबून परत वाचा, डिकोडरला यातलं काही कळायची गरज नाही. टाइमआउट किंवा आयओ एरर असेल तर इनपुट बंद करून परत उघडा, आणि उघडल्यावर डिकोडरवर एव्हीकोडेक फ्लश बफर्स मारा. फ्लश पॅकेट आतल्या फ्रेम बाहेर काढतं, फ्लश बफर्स आतलं सगळं फेकून डिकोडर परत कोरा करतो, त्या दोघांची गल्लत करू नका. त्यानंतर पहिली की-फ्रेम (दुसऱ्या फ्रेमवर न अवलंबणारी पूर्ण फ्रेम) येईपर्यंत पॅकेट टाकून दिलेली बरी, नाहीतर अर्धा मिनिट राखाडी ठोकळे नाचतात आणि बघणारे कमेंटमध्ये आरती ओवाळतात. ईओएफ आला तर मात्र दोन अर्थ: फाइल असेल तर खरोखर संपली, लाइव्ह असेल तर समोरच्याने कनेक्शन तोडलं, म्हणजे परत उघडायचं.

टाइमआउट स्वतः द्या. दिला नाहीत तर रीड फ्रेम आतच अडकून बसू शकतं आणि तुमचा हा सगळा शहाणपणाचा कोड चालायची वेळच येत नाही. आरटीएसपी कॅमेऱ्याला (नेटवर्कवरून थेट चित्र देणारा) टाइमआउट नावाचा ऑप्शन, एचटीटीपी किंवा टीसीपीवरून घेत असाल तर आरडब्ल्यू टाइमआउट, आणि दोन्ही मायक्रोसेकंदांत, म्हणजे पाच सेकंद हवे तर ५०,००,०००. पाच लिहिलंत तर कॅमेरा कनेक्टच होणार नाही आणि तुम्ही पासवर्ड तपासत बसाल. आणखी एक, एफएफएमपेग ५ च्या आधीच्या आवृत्तीत आरटीएसपीला तोच ऑप्शन स्टाइमआउट नावाने होता, आणि तिथे टाइमआउट लिहिलंत तर तो स्वतःच सर्व्हर बनून कोणी येतंय का याची वाट बघत बसायचा. जुन्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती घेऊन फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

हे जमलंय का ते बघायला जत्रेची वाट बघू नका. घरी कॅमेरा लावा, लाइव्ह चालू करा, राउटरची वायर उपटा, टाइमआउटपेक्षा जास्त वेळ थांबा, परत लावा. कनेक्शन झाल्यावर पुढच्या की-फ्रेमला चित्र आलं पाहिजे. यायला फार वेळ लागत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये की-फ्रेमचं अंतर बघा, २५ फ्रेमच्या व्हिडिओला ते २५० ठेवलेलं असेल तर दहा सेकंद वाट बघावी लागू शकते, ५० करा, दोन सेकंदांवर येईल.

क्यू आणि अनरेफ, हे पण त्यातलंच

वाचणारा थ्रेड वेगळा, डिकोड करणारा वेगळा आणि मध्ये क्यू असं केलं असेल तर अजून एक चोरवाट आहे. क्यू रिकामा असताना त्यातून काढायला गेलात आणि तुमच्या फंक्शनने कोरं पॅकेट परत दिलं, की झालं, परत फ्लश. म्हणून क्यूमधून काढणारं फंक्शन "मिळालं की नाही" हे वेगळं सांगणारं हवं, पॅकेटच्या साइजवरून ओळखायचं नाही. एफएफप्लेचा (एफएफएमपेगचा स्वतःचा प्लेअर) सोर्स यासाठी वाचण्यासारखा आहे, तिथे फाइल संपली की क्यूमध्ये मुद्दाम एक नल पॅकेट टाकलं जातं, आणि सीक (पुढे-मागे उडी) केल्यावर आधीची पॅकेट ओळखायला सीरियल नंबर ठेवलेला आहे. रिकामं पॅकेट तिथे आहे, पण ठरवून टाकलेलं आहे.

आणि एव्ही पॅकेट अनरेफ (पॅकेटमधला डेटा सोडून देणारं फंक्शन) केल्यावर पॅकेट कोरं होतं हे सगळ्यांना पाठ असतं, तरी अनरेफ केलेलं तेच पॅकेट खाली परत सेंड केलेलं कोड वाचताना सापडतं. असं सहसा होतं सेंड पॅकेटने ईअगेन दिल्यावर. त्या ईअगेनचा अर्थ "आधी माझ्याकडच्या तयार फ्रेम घे, मग हेच पॅकेट परत दे" असा आहे. म्हणजे रिसीव्ह फ्रेम करा आणि तेच पॅकेट परत पाठवा, मध्ये अनरेफ नको.

शेवटच्या फ्रेम कुठे जातात

आता उलटं. काही जण कोऱ्या पॅकेटला इतके घाबरतात की शेवटी पण पाठवत नाहीत. रीड फ्रेमने ईओएफ दिला, लूपमधून बाहेर, फाइल बंद, घरी. डिकोडरच्या आत तोवर काही फ्रेम बसलेल्या असतात, कारण बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमचा आधार घेणाऱ्या) असल्या की येण्याचा क्रम आणि दाखवण्याचा क्रम वेगळा, म्हणून तो एक-दोन फ्रेम हातात धरून ठेवतो, आणि फ्रेम थ्रेडिंग (एकाच वेळी अनेक थ्रेडवर वेगवेगळ्या फ्रेम डिकोड करणं) चालू असेल तर जितके थ्रेड त्यापेक्षा एक कमी इतक्या फ्रेमचा उशीर वर. आठ थ्रेड धरले तर सात, अधिक बी-फ्रेमच्या दोन, नऊ. २५ फ्रेमच्या व्हिडिओत हे सेकंदाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त होतं.

रात्री सुरू झालेलं दशावतारी नाटक पहाटे दहिकाल्याला संपतं, त्या अख्ख्या फाइलच्या शेवटी एवढं गेलं तर कोणाला कळत नाही. पण त्याच रात्रीचे तुम्ही रील्ससाठी वीस-वीस सेकंदांचे तुकडे करता, आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट कापलेला, हंडीवर काठी बसायच्या आधीच क्लिप बंद, तेव्हा फोन यायला लागतात.

म्हणून खरा शेवट आला की सेंड पॅकेटला नल द्या, एकदाच, दुसऱ्यांदा दिलात तर तो ईओएफ सांगेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग रिसीव्ह फ्रेम करत राहा जोवर ते ईओएफ म्हणत नाही तोवर. ईअगेनवर थांबू नका, निचरा (आतल्या उरलेल्या फ्रेम बाहेर काढणं) चालू असताना ईअगेनची अपेक्षाच नाही. ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही डिकोडरना वेगवेगळं करायचं, हे विसरलं जातं. एन्कोडरलापण तेच, सेंड फ्रेमला नल आणि रिसीव्ह पॅकेट ईओएफपर्यंत. फक्त एन्कोडर नंतर परत वापरायचा हट्ट करू नका, फ्लश करून परत चालू होणं सगळ्या एन्कोडरना जमत नाही, नवीन उघडा. डिकोडर मात्र फ्लश बफर्स करून परत वापरता येतो.

हे सेंड-रिसीव्ह २०१६ मध्ये ३.१ आवृत्तीत आलं. एव्हीकोडेक डिकोड व्हिडिओ टू असलं काही तुमच्या कोडात दिसत असेल तर तो त्याआधीच्या पद्धतीचा आहे, ५.० पासून ते फंक्शन काढूनच टाकलंय, दुरुस्त करत बसू नका, नवीन लिहा.

पायथनवाल्यांसाठी: पायएव्हीमध्ये (एफएफएमपेग पायथनमधून वापरायची लायब्ररी) डीमक्स केलं, म्हणजे फाइलमधून पॅकेट वेगळी काढली, की ते शेवटी स्वतःच प्रत्येक स्ट्रीमसाठी फ्लश करणारं रिकामं पॅकेट देतं, त्याचा डीटीएस नन असतो. नुसतं रीमक्स करताय, म्हणजे डिकोड न करता एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये, तर "डीटीएस नन असेल तर कंटिन्यू" ही ओळ हवीच, त्यांच्या उदाहरणातच आहे. पण तीच ओळ उचलून डिकोडच्या लूपमध्ये चिकटवलीत तर शेवटच्या फ्रेम गेल्या. कुठल्या लूपमध्ये आहोत ते बघून चिकटवा.

पार्सर

कच्चा एच-२६४ नाहीतर एमपीथ्रीचा बाइटचा ओघ पार्सरला (ओघातून एकेक फ्रेम वेगळी करणारा भाग) देऊन पॅकेट बनवत असाल तर एव्ही पार्सर पार्स टू कधी कधी साइज शून्य देतं. त्याचा अर्थ इतकाच की अजून पूर्ण फ्रेम जमली नाही, आणखी बाइट दे. इथे "साइज असेल तरच डिकोडरला दे" ही अट लागतेच, एफएफएमपेगच्या स्वतःच्या उदाहरणाच्या कोडातपण ती आहे. आणि बाइट संपले की पार्सरला एकदा शून्य लांबी देऊन "संपलं" सांगायचं, नाहीतर शेवटची फ्रेम त्याच्याच खिशात राहते. बिटस्ट्रीम फिल्टरचं (डिकोड न करता पॅकेटमध्ये फेरफार करणारा) पण असंच, कोरं पॅकेट म्हणजे शेवट.

रिकामं पण कामाचं

आता मावसभावाच्या सल्ल्याचं. डबलबारी भजनाचा नाहीतर दशावताराचा आवाज मिक्सरवरून वेगळा घेऊन फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आवाज साठवणारा फॉर्मॅट) ठेवणारे आहेत आपल्यात, पेटी, पखवाज, झांज सगळं स्वच्छ राहतं म्हणून. फ्लॅकच्या फाइलच्या सुरुवातीला ३४ बाइटची स्ट्रीमइन्फो असते, त्यात एकूण सँपल किती आणि सगळ्या आवाजाचा एमडीफाइव्ह (डेटा शाबूत आहे का तपासायचा आकडा) किती हे लिहिलेलं असतं. पण रेकॉर्डिंग सुरू होताना हे दोन्ही कोणाला माहीत असणार? म्हणून एन्कोडर सुरुवातीला तिथे शून्य ठेवतो, आणि अगदी शेवटी, निचरा होताना, एक पॅकेट देतो ज्यात डेटा काहीच नाही, साइज शून्य, फक्त साइड डेटात नवीन स्ट्रीमइन्फो. मक्सर (पॅकेट फाइलमध्ये लिहिणारा भाग) ते बघतो आणि फाइलच्या सुरुवातीला मागे जाऊन खरे आकडे भरतो.

तुमच्या "साइज शून्य असेल तर कंटिन्यू" ने हेच पॅकेट फेकलं जातं. फाइल वाजते, म्हणून लगेच कळत नाही. मग कोणीतरी म्हणतं प्लेअरमध्ये एकूण वेळ दिसत नाही, आणि फ्लॅकच्या टूलने टेस्ट केलीत तर ते सांगतं की एमडीफाइव्ह भरलेलाच नाही, तपासू कसा. वर्षभराने हार्डडिस्क खराब होत आली की फाइल शाबूत आहे की नाही ते कळायला तोच आकडा लागतो. तेव्हा मक्सरच्या आधीची अट अशी लिहा: साइज शून्य आणि साइड डेटाची संख्यापण शून्य असेल तरच टाका, नाहीतर जाऊ द्या. आणि फ्लॅक पाइपमध्ये लिहित असाल तर मागे जाता येत नसल्याने हे आकडे भरले जाणारच नाहीत, पॅकेट जपलंत तरी, सरळ डिस्कवर लिहा.

सबटायटलचं पण लक्षात घ्या. एमपी४ मधल्या टेक्स्ट सबटायटलला दोन वाक्यांच्या मधल्या शांततेसाठी पण सँपल लागतं, त्यात असतात फक्त दोन बाइट, दोन्ही शून्य, म्हणजे "मजकुराची लांबी शून्य". हे काय कामाचं म्हणून काढलंत तर आधीचं वाक्य पडद्यावर चिकटून राहतं, संकासुर निघून गेला तरी त्याचं बोलणं खाली तसंच.

जुन्या कॅसेट

व्हीएचएस वरून कॅप्चर कार्डाने केलेल्या एव्हीआय फाइल अजून खूप घरांत आहेत, लग्नं, पालखी, जुन्या कंपन्यांची नाटकं. कॅप्चर करताना कॉम्प्युटर मागे पडला की सॉफ्टवेअर त्या फ्रेमच्या जागी शून्य बाइटचा चंक (फाइलमधला तुकडा) लिहायचं, अर्थ "आधीचीच फ्रेम परत दाखव". एव्हीआयमध्ये व्हिडिओला प्रत्येक फ्रेमचा वेगळा टाइमस्टॅम्प नसतो, मोजूनच वेळ काढायची, त्यामुळे तो रिकामा चंक म्हणजे सुद्धा एक फ्रेमचा वेळ. स्वतःचा रीडर लिहून ते चंक न मोजता सोडलेत तर चित्र आवाजाच्या पुढे पळतं. समजा तीन तासांच्या कॅसेटमध्ये २५० फ्रेम अशा गेल्यात, पाल पद्धतीचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, दहा सेकंदांचा फरक. शेवटी शेवटी माणूस तोंड मिटून उभा आणि आवाज चालू. चंक टाका हवं तर, पण काउंटर एकने पुढे सरकवा.

केबलवाल्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम देताना

इथे रिकामं म्हणजे वेगळंच काहीतरी. एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची (केबल-प्रसारणाला वापरतात तो फॉर्मॅट) पॅकेट सगळी १८८ बाइटची, पहिला बाइट हेक्समध्ये ४७, आणि पीआयडी (पॅकेट कशाचं तो नंबर) ८१९१ असेल तर ते नल पॅकेट, आत भरताड. बिटरेट एकसारखा राहावा म्हणून ती घातलेली असतात. फाइलमध्ये साठवताना ती गेली तरी बिघडत नाही, डिमक्सर तसाही टाकतोच. पण पुढे केबलच्या उपकरणाला ठरलेल्या बिटरेटने द्यायचं असेल तर तुमच्या शहाणपणाने काढू नका, तिथे त्यांच्यामुळेच वेळ सांभाळली जाते. एफएफएमपेगने बनवताना मक्सरेट (एकूण बिटरेटचा ऑप्शन) दिलात की ती आपोआप येतात.

याच्यातच एक बारीक गोष्ट आहे आणि स्वतः पार्सर लिहिणारे तिथे हमखास अडखळतात. काही पॅकेटमध्ये पेलोड (खरा डेटा) नसतो, फक्त अडॅप्टेशन फील्ड (जादा माहितीची जागा), पीसीआर नावाचं घड्याळ पोचवायला. अशा पॅकेटला कंटिन्युइटी काउंटर (पॅकेटचा चालू क्रमांक) वाढत नाही, नियमच तसा आहे. तुम्ही प्रत्येक पॅकेटला तो एकने वाढलाच पाहिजे असं तपासलंत तर रात्रभर "पॅकेट हरवलं" असे खोटे अलार्म येत राहतील आणि तुम्ही बिचाऱ्या केबलच्या जॉइंटला दोष देत बसाल.

सॉकेट आणि आवाज

थोडक्यात. टीसीपीवर रिसीव्हने शून्य दिलं तर समोरच्याने कनेक्शन बंद केलं, संपलं. यूडीपीवर शून्य बाइटचं डेटाग्राम कायदेशीर असतं, त्याने काहीच बंद होत नाही, सोडून द्यायचं आणि पुढचं वाचायचं. एकच कोड दोन्हीकडे वापरलात तर एक बाजू चुकणारच.

ओपस या आवाजाच्या कोडेकचं पॅकेट कमीत कमी एक बाइटचं असतं, आरएफसी ६७१६ मध्ये तसं स्पष्ट आहे. मधलं पॅकेट हरवलं तर लिबओपस या त्याच्या लायब्ररीच्या डिकोड फंक्शनला मुद्दाम नल आणि लांबी शून्य द्यायची, ते मागच्या आवाजावरून खड्डा बुजवतं. फक्त किती सँपल हरवली तो आकडा बरोबर द्या. म्हणजे एफएफएमपेगच्या डिकोडरला नल दिलं तर "संपलं", लिबओपसला दिलं तर "मधलं हरवलं, भर घाल". दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये वापरणाऱ्यांनी हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

बघायचं कसं आणि तपासायचं कसं

एफएफप्रोबला सिलेक्ट स्ट्रीम्समध्ये पहिला व्हिडिओ सांगा, शो एन्ट्रीजमध्ये पॅकेटचे पीटीएस टाइम, डीटीएस टाइम, साइज आणि फ्लॅग मागा, आउटपुट सीएसव्हीमध्ये घ्या. स्प्रेडशीटमध्ये साइजच्या कॉलमवर चढत्या क्रमाने लावून बघितलंत की शून्यवाली, दोन-चार बाइटवाली सगळी वर येतात. ती कुठल्या वेळेला आहेत ते बघा. सगळी एकाच ठिकाणी गोळा झालेली असतील तर तेव्हा लाइट गेली होती का विचारा, ठरावीक अंतराने येत असतील तर ती कोणीतरी मुद्दाम घालतंय. फ्लॅगमध्ये सी दिसला तर पॅकेट करप्ट आहे, रिकामं नाही, ती वेगळी भानगड.

स्वतःच्या प्रोग्रामसाठी टेस्ट फाइल एफएफएमपेगनेच बनवा. लॅव्हफाय इनपुटमधून टेस्टसोर्स (आपोआप बनणारं चाचणीचं चित्र), दहा सेकंद, रेट २५, एक्स-२६४ ने एन्कोड, बी-फ्रेम तीन. म्हणजे बरोबर २५० फ्रेम. ती तुमच्या डिकोडरमधून काढा आणि मोजा. २५० आल्या तर निचरा बरोबर आहे, २४० च्या आसपास अडकलात तर शेवटचं नल गेलेलंच नाही. मग वाचण्याच्या फंक्शनवर स्वतःचं पातळ वेष्टण चढवा आणि शंभराव्या पॅकेटनंतर मुद्दाम एकदा ईअगेन परत द्या, पॅकेट कोरं ठेवून. तरीही २५० च यायला हव्यात. १०० च्या आसपास थांबल्या तर वर सांगितलेला रोग तुमच्याकडे आहे. तसंच एकदा पॉइंटर भरलेला आणि साइज शून्य असं द्या, प्रोग्रामने -२२ ची नोंद करून पुढे जायला हवं, आपटायला नको. स्वतः बाइट वाचत असाल, एनएएल हेडर (एच-२६४ च्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचे बाइट) वगैरे, तर डेटाचा पहिला बाइट वाचायच्या आधी साइज बघता की नाही ते इथेच उघडं पडतं, नसाल बघत तर सेगफॉल्ट.

लॉगमध्ये चार काउंटर वेगळे ठेवा: कोरी, फक्त साइड डेटावाली, पॉइंटर असून साइज शून्य, आणि रीड फ्रेमचे ईअगेन. सगळी "एम्प्टी" म्हणून एकाच आकड्यात घातलीत तर सकाळी तो आकडा बघून काही कळत नाही.

शून्य बाइटची फाइलपण एकदा देऊन बघा, मेमरी कार्ड लाइट गेल्यावर असली फाइल हमखास बनवतं. ओपन इनपुटलाच एरर यायला हवा, -१०९४९९५५२९, म्हणजे इनव्हॅलिड डेटा, आणि तिथूनच परत फिरायचं. आणि नुसती कमांड चालवताना "आउटपुट फाइल इज एम्प्टी, नथिंग वॉज एन्कोडेड" आलं तर पॅकेट-बिकेट काही शोधू नका, आधी एसएस (कुठून सुरू) आणि टी (किती वेळ) ला दिलेल्या वेळा बघा, बऱ्याच वेळा फाइल संपते त्याच्या पुढची वेळ मागितलेली असते.